रुमालाखालचा सौदा

जयराजला सतरावी शिंक आली तेव्हा दुपारचे दोन पन्नास झाले होते. डॉन म्हणून त्याची कारकीर्द तिथंच संपली.

तसा गडी दिसायला जबरदस्त. साताऱ्याच्या जिममध्ये कमावलेले दंड, काळा शर्ट, वरची तीन बटणं उघडी. वखारीच्या दारात पाठीवर ऊन घेऊन तो उभा राहिला की चेहरा काळा पडायचा, सावली आत वीस फूट लांबायची आणि हळदीची पोतीसुद्धा जरा आवरून बसल्यासारखी दिसायची. आधी बूट, मग सावली, मग माणूस. ब्राह्मीनं कागदावर तसंच लिहिलं होतं आणि सकाळपासून तीनदा ते तसंच घडलंही होतं. फक्त हळदीच्या वखारीत हवा कमी आणि हळद जास्त असते, हे तिच्या पटकथेत नव्हतं. जयराज दोन पावलं सावकाश टाकायचा, डोळे बारीक करायचा आणि शिंकायचा. आता डोळे बारीक करायचे कष्ट नव्हते. ते सुजून आपोआप झाले होते.

"मॅडम, मला काय दिसंना झालंय," तो भिंतीला चाचपत म्हणाला.

"डॉनला दिसायला कशाला पायजे? माणसं सांगत्यात की त्याला," कॅमेऱ्यामागून वाजिद म्हणाला. मिरजेत त्याच्या घरात चार पिढ्या तंबोरे बनवत होत्या. कान खानदानी असल्यामुळं की काय, जीभ फार सैल होती.

"गप रे वाजिद," ब्राह्मी म्हणाली आणि घड्याळ बघितलं.

पोत्यांच्या भिंतीत पाडलेल्या खिडकीच्या अलीकडं, लाकडी खुर्चीत, दुसरा डॉन बसला होता. पांढरा सदरा, काळा कोट, केसांना तेल. हे ब्राह्मीचे वडील, गोमटेश. वय एकसष्ट, व्यवसाय हळदीची अडत, छंद गुंडांचे सिनेमे. गेले पंधरा दिवस ते घरात सावकाश चालत होते. चहा मागतानाही कपाकडं न बघता मागत होते. त्यांची बायको प्रियदर्शनी पहिले तीन दिवस हसली, चौथ्या दिवशी म्हणाली, "आवं, संडासला जाताना तरी नीट चाला. बाहेर लोकं थांबल्यात."

पण गोमटेशचा अभ्यास पक्का होता. डॉन कधी घाईत नसतो. घाई असते ती मरणाऱ्याला. बसलेला मोठा, उभा असलेला लहान. बंदूक ज्याच्या हातात दिसते तो नोकर. आणि सगळ्यात मोठा नियम : समोरासमोर बसलेल्या दोघांत जो पहिल्यांदा बोलतो, तो हरला. हे नियम कोणत्याही पुस्तकात नव्हते. सांगलीतल्या टॉकीजमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या गोमटेशला सायकलच्या नळीवर बसवून एक माणूस न्यायचा आणि अंधारात कानाशी लागून हे एकेक नियम सांगायचा.

तो माणूस आत्ता पोत्यांच्या भिंतीपलीकडं, सहा फुटांवर बसला होता. त्याच्याशी गोमटेश नऊ वर्षं बोलला नव्हता.

*

वखार एकच होती. मधे पोत्यांची भिंत होती. ती भिंत कुणी बांधली नव्हती, ती रचत गेली होती. अलीकडं गोमटेशचा माल, पलीकडं दादांचा, म्हणजे थोरल्या भावाचा, नेमिनाथांचा. हंगाम येई तशी भिंत खालीवर होई, पण मोडत नसे.

कारण होतं एक लग्नपत्रिका.

नेमिनाथांचा मुलगा, नाव अतिशय, त्याच्या लग्नाची. अकराशे प्रती, सांगली, मिरज, जयसिंगपूर, पलूस, सगळीकडं गेल्या. 'आपले विनम्र' म्हणून घरातल्या कर्त्या मंडळींची नावं होती, त्यांत गोमटेशचं नव्हतं. ते खाली होतं. कोपऱ्यात, मोराच्या चित्राशेजारी, 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!' असं जिथं घरातली पोरं लाडानं म्हणतात, त्या चौकटीत. कु. परी, चि. आदी, चि. गोमटेश, कु. पिहू. त्या वेळी चिरंजीव गोमटेश बावन्न वर्षांचे होते आणि त्यांना रक्तदाब होता.

मार्केट यार्डात सहा महिने लोक त्यांना बघून "यायचं हं!" म्हणत होते.

गोमटेश लग्नाला गेले नाहीत. दादा म्हणाले, छापखान्याची चूक. गोमटेशनी विचारलं, प्रूफ कुणी बघितलं? दादा म्हणाले, बघितलं असंल कुणीतरी. त्यानंतर दोघांत जे काही बोलणं झालं ते तिसऱ्या माणसामार्फत. बायकांनी मात्र पहिल्याच महिन्यात हा नियम मोडला होता. पोत्यांच्या फटीतून लोणच्याची बरणी इकडून तिकडं आणि कुरडयांचा डबा तिकडून इकडं सुखरूप जात होता.

आज दादा आले होते ते वखारीच्या किल्ल्या द्यायला. येत्या रविवारी ते आणि पद्मावती वहिनी कायमचे पुण्याला, अतिशयकडं निघाले होते. सामान बांधून झालं होतं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी आल्या आल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले होते, "ब्राह्मी, तुझ्या बापाला सांग, किल्ल्या हितं हायत."

बाप दोन हात अंतरावर उभा होता. तो म्हणाला, "ब्राह्मी, आप्पांना सांग, दिसल्या." ब्राह्मी दादांना आप्पा म्हणायची.

रविवारनंतर सांगायलाही कुणी नव्हतं, सांगून घ्यायलाही. गोमटेशना सकाळपासून यामुळं छातीत हळकुंड अडकल्यासारखं होत होतं. पण डॉनला छातीत काही अडकत नाही, म्हणून ते गप्प होते.

किल्ल्या ठेवूनही दादा गेले नव्हते. चित्रीकरणाला त्यांनी चार अटी घातल्या होत्या आणि त्या पाळल्या जातात का ते बघायला ते खुर्ची टाकून बसले होते. रक्ताचा थेंब दिसता कामा नये. बंदूक वाजता कामा नये. वखारीत कांदा-बटाटा येता कामा नये. आणि सूर्य मावळल्यावर आत कुणी काही खाता कामा नये, मग तो खून करून दमला असला तरी.

पहिल्या अटीवर सकाळी घरातच फूट पडली होती. प्रियदर्शनीनं हळदीत चुना कालवून वाटीभर सुरेख लाल रक्त बनवलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

"भाऊजी, हे रक्त न्हाई, कुंकूच हाय की. देवाला चालतंय," ती म्हणाली.

"देवाला लावतोय म्हणून चालतंय. मेलेल्या माणसाला लावलं की त्ये रक्तच," दादा म्हणाले.

यावर पद्मावती वहिनी दिराच्या घराच्या बाजूनं उभ्या राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय ह्यांचं." आणि लगेच, "पर वाटी धुऊ नगंस गं, मला कपाळाला हुईल."

गंमत म्हणजे या अटींनी ब्राह्मीचा सिनेमा सुधारला. तिनं रक्त काढलं, बंदुका काढल्या. आता माणूस मरायचा तेव्हा पडद्यावर फक्त वखारीचं शटर खाली यायचं आणि अंधार व्हायचा. तो अंधार बघून वाजिद एकदा स्वतःच दचकला होता. "दाखवलं न्हाई की लय भ्या वाटतंय," तो म्हणाला होता. महाबळेश्वरला केलेल्या पाठलागाचंही तेच झालं. धुकं इतकं की दोन्ही गाड्या दिसल्याच नाहीत. फक्त दोन पिवळे दिवे आणि ब्रेकचा आवाज. ब्राह्मी म्हणे, अख्ख्या सिनेमात तेवढंच चांगलं झालंय.

आता एकच प्रसंग उरला होता. शेवटचा. शहरातले दोन डॉन समोरासमोर बसतात आणि शहराची वाटणी करतात. तोंडातून शब्द न काढता. रुमालाखाली.

*

हे रुमालाचं ब्राह्मीच्या डोक्यात लहानपणापासून होतं. यार्डात पूर्वी सौदा असाच व्हायचा. दोन माणसांचे हात एका रुमालाखाली जायचे आणि बोटांनी आकडे बोलायचे. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, पंजा धरला तर पाच. मूठ मिटली की जमत नाही. तळव्यावर अंगठा दाबला की ठरलं. आणि ज्याच्या बोटावर दाबलं, तो आकडा त्याला देऊ केलेला. वर दोन्ही चेहरे मख्ख, शेजारी शंभर माणसं उभी, कुणाला काही कळायचं नाही. पुढं उघडा लिलाव आला आणि बोटं मुकी झाली.

"गुंडांचे सिनेमे बघून बघून डोळे गेले माझे," ब्राह्मी म्हणायची. "तीच टोपी, तोच धूर, तीच तिरकी लाईट. आणि आपल्या यार्डात दोन माणसं नुसती हातात हात घालून बसायची, त्यात जास्त दहशत होती."

पण आता जयराज भिंतीशी ओला फडका डोळ्यांवर धरून बसला होता. माळ्याच्या झरोक्यातून येणारं ऊन पोत्यांच्या खिडकीवर पडतं ते तीन चाळीस ते चार दहा. अर्धा तास. संध्याकाळी कॅमेरा पुण्याला परत जायचा होता आणि सोमवारी सिनेमा स्पर्धेला. या प्रसंगाशिवाय त्याला शेवट नव्हता.

"कुणालाबी बसवू की," वाजिद म्हणाला. "हात झाकलेलाच हाय. मी बसतो."

"हात झाकलेला आहे म्हणूनच नाही चालत," ब्राह्मी म्हणाली. "हात दिसत नाही तर बघणारा काय बघणार? चेहरा. बोट दाबलं की डोळ्यात कळलं पाहिजे. जयराजच्या डोळ्यात काय कळत होतं?"

"हळद," जयराज फडक्याखालून म्हणाला.

"ज्याला बोटं वाचता येतात असाच माणूस पाहिजे." ब्राह्मी बोलता बोलता थांबली.

वखारीत सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं. अशी माणसं सांगलीत आता फार तर पाच-सहा उरली असतील. त्यांतला एक कोट घालून बसला होता. दुसरा पलीकडं पंचांग वाचत होता.

गोमटेश सावकाश म्हणाले, "जमणार न्हाई."

"मी काही विचारलंच नाही अजून, पप्पा."

"तरीबी जमणार न्हाई."

पलीकडून पंचांगाचं पान उलटल्याचा आवाज आला. "ब्राह्मी," दादा म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, बरुबर बोलला. मी आयुष्यात मुंगी मारली न्हाई, आणि मी गुंड हुणार व्हय?"

ब्राह्मी खिडकीतून वाकून पलीकडं गेली. तिचा आवाज बदलला होता. पुण्याचा थर गळून खालची सांगली वर आली होती. "आप्पा, डॉन कुठं काय मारतोय? बंदूक धरतो तो नोकर. तुमचंच न्हवं का हे? पप्पा सांगतात रोज."

पलीकडं पंचांग मिटलं. "काय सांगतोय त्यो?"

"बसलेला मोठा, उभा लहान. डॉनला घाई नसते. सगळं तुम्ही शिकवलंय म्हणे. टॉकीजमध्ये."

गोमटेशनी छताकडं बघितलं. पोरीला घरातलं बाहेर सांगायची खोड आईकडून आली होती.

"त्याच्या ध्यानात हाय व्हय अजून," दादा म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगायला सांगितलं नाही.

प्रियदर्शनी जी सकाळी रक्तावरून भाऊजींवर चिडली होती ती आता एकदम त्यांच्या बाजूची झाली. "नगं गं, भाऊजींना कशाला तरास? वय काय त्यांचं! आमच्या घरच्या माणसाला कुठं ॲक्टिंग येती? दोघंबी लाकडागत बसतील."

"कोण लाकूड?" गोमटेश आणि दादा एकाच वेळी म्हणाले. नऊ वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एका शब्दावर एकमत झालं.

पद्मावती वहिनींनी तेवढ्यात निकाल लावला. त्या पलूसच्या, बोलायला लागल्या की मधे स्वल्पविराम नसायचा. "आवं बसा की म्हंते मी. नऊ वर्सं तोंड न उघडता बसलायसाच न्हवं त्याच्याम्होरं? त्येच करायचं हाय फकस्त कॅमेऱ्यात करायचं हाय. रियाज झालाय तुमचा."

वाजिद खो खो हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

घड्याळात तीन एकवीस झाले.

"डायलॉग किती?" दादांनी विचारलं.

"एकही नाही."

"त्याच्याशी बोलायचं न्हाई?"

"सीनच तसा आहे, आप्पा."

"मग हुईल," दादा म्हणाले आणि उठले. "पर टोपी मी घालणार न्हाई. गॉगल न्हाई. मी माझ्या जागेत बसलोय, मला कुणापासनं लपायचंय? आणि त्यो उजेड तोंडावर नगं मारूस. पाठीमागनं येऊ दे. माझं तोंड लोकांना उशिरा दिसलं पायजे."

वाजिदनं दिवा विझवला. "आयला, ह्ये तर डायरेक्टरच हायत," तो पुटपुटला.

*

पुढची वीस मिनिटं वखारीत जत्रा होती. जयराज एका डोळ्यानं पोती सरकवत होता. प्रियदर्शनी दादांच्या कोटावरची धूळ झटकत होती आणि पुन्हा उडालेल्या धुळीनं शिंकत होती. पद्मावती वहिनी पिशवीतून एक घडी काढून म्हणाल्या, "ह्यो घ्या." जुना पंचा होता, कडेनं पिवळा पडलेला. दादांचा सौद्याचा रुमाल. पुण्याला नेण्याच्या सामानात तो त्यांनी सगळ्यात वर ठेवला होता. का, ते कुणी विचारलं नाही.

दादा समोर येऊन बसले. पोत्यांची खिडकी मधे. वाजिदनं कॅमेरा लावला तो अशा कोनात, की पोत्यांच्या काळ्या चौकटीत दोन म्हातारी डोकी आणि मधे पांढरा पंचा, बाकी सगळा अंधार. गोमटेशनी मॉनिटरवर चोरून बघितलं. बाप रे, चांगलं दिसत होतं. अगदी त्या जुन्या टॉकीजच्या पडद्यासारखं.

हुरूप आला म्हणून ते ब्राह्मीला म्हणाले, "सिनेमाच्या शेवटाला नावं येत्यात न्हवं? माझं कुठं टाकणार? बघून टाक. न्हाईतर बालगोपाळांत जायचं."

टोला नेमका बसला. दादांचा जबडा आवळला गेला. "ब्राह्मी, तुझ्या बापाला सांग, नावं वयानुसार येत्यात. मी मोठा हाय."

"आप्पांना सांग, पिच्चरमधी आधी मी आलोय."

"दोघं गप्प!" ब्राह्मी ओरडली. आणि मग तिच्या तोंडावर ते हसू आलं, जे लहानपणी गूळ चोरताना यायचं. "हेच. हेच ठरवा. खोटा सौदा केलात तर डोळ्यात खोटं दिसेल. मला खरा पाहिजे. पहिलं नाव कुणाचं, ते रुमालाखाली ठरवा. एक नंबर कुणाला. ठरल्याशिवाय मी कट म्हणणार नाही."

झरोक्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरला. त्यात हळदीची धूळ सोन्यासारखी फिरू लागली. तीन बेचाळीस.

"रोलिंग," वाजिद म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"ॲक्शन."

गोमटेशनी पंच्याखाली हात घातला. दुसरा हात आधीच तिथं होता. थंड होता, कोरडा, आणि बारीक झालेला. अंगठी बोटात फिरत होती. हा हात इतका बारीक कधी झाला? सायकलच्या हँडलवर होता तेव्हा केवढा होता! ते चेहऱ्यावर काही येऊ देणार नव्हते. त्यांनी दादांच्या डोळ्यांत बघितलं. पाठीमागच्या उजेडात डोळे दिसत नव्हते, फक्त कडा.

आता दादा माझा हात स्वतःच्या बोटावर नेतील, गोमटेशना वाटलं. एक नंबर मला, म्हणतील. मोठे ना.

दादांच्या बोटांनी गोमटेशचं पहिलं बोट शोधलं. धरलं. आणि दाबलं.

एक. तुला.

गोमटेशना वाटलं आपण चुकीचं वाचलं. इतक्या वर्षांनी बोटं गंजली असतील. पण बोट पुन्हा दाबलं गेलं. सावकाश, जाणत्या माणसाचं दाबणं. एक नंबर तुला, गोम्या.

गोमटेशनी झटक्यात मूठ मिटली. जमत नाही.

अंधारात ब्राह्मीनं श्वास रोखला. मॉनिटरवर तिला काय दिसत होतं? एका म्हाताऱ्याची मान अर्ध्या इंचानं ताठ झाली, बस्स.

गोमटेशनी दादांचं पहिलं बोट धरलं आणि दाबलं. एक तुम्हाला. मोठ्याच्या आधी धाकट्याचं नाव? लोक काय म्हणतील?

दादांनी मूठ मिटली.

पुन्हा एक तुला. मूठ. पुन्हा तुम्हाला. मूठ. सगळं आयुष्य गोमटेशनी या भाषेत ओढाओढ केली होती, पण दोन्ही बाजू आपलंच नुकसान व्हावं म्हणून झगडतायत असा सौदा यार्डाच्या इतिहासात झाला नसावा. वर मात्र दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखी बसली होती. दादांच्या कपाळावर घाम आला. जयराज शिंक आवरण्यासाठी स्वतःचं नाक चिमटीत धरून बसला होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते फक्त हळदीमुळं नसावं.

मग दादांचा हात थांबला. थोडा वेळ नुसता पडून राहिला, गोमटेशच्या हातावर, काही न बोलता. आणि त्यांनी पंजा धरला. पाच. सोडला. मग चार बोटं. चार.

नऊ.

नऊ काय? नऊ नंबर? गोमटेशना क्षणभर काही कळेना. आणि मग एकदम कळलं. नऊ. वर्षं.

त्यांनी दात आवळले, नजर हलू दिली नाही. कॅमेऱ्यात ते भयानक दिसलं असं नंतर वाजिदनं सांगितलं.

उन्हाचा पट्टा सरकत दादांच्या चेहऱ्यावर आला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळा. जे साधायला लोक पाच-पाच दिवे लावतात, ते झरोक्यानं फुकट केलं. आणि त्या अर्ध्या चेहऱ्यानं, टॉकीजच्या अंधारात स्वतःच शिकवलेला सगळ्यात मोठा नियम मोडून, आधी तोंड उघडलं.

"प्रूफ," दादा म्हणाले. आवाज खोल गेला होता, खर्जातला. "प्रूफ मीच तपासलं हुतं."

ब्राह्मी कट म्हणाली नाही. वाजिदचा हात बटणावर होता, तो हलला नाही.

पंच्याखाली दादांचा हात उघडा पडला होता. उताणा. मागणाऱ्यासारखा.

गोमटेशनी त्या तळव्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. जोरात.

ठरलं.

पट्टा दादांच्या चेहऱ्यावरून घसरला, पंच्यावर आला, पोत्यांवर गेला. चौकट काळी झाली.

"कट," ब्राह्मी म्हणाली. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. आणि मग लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली.

"काय डायलॉग टाकला हो आप्पांनी!" वाजिद ओरडला. "अंगावर काटा आला. 'प्रूफ मीच तपासलं हुतं!' काय आवाज!"

"प्रूफ म्हंजी पुरावा न्हवं का?" जयराज एका डोळ्यानं म्हणाला. "म्हंजी खुनाचा पुरावा ह्यानंच नाहीसा केल्ता. आणि आज कबूल केलं. लय मोठा ट्विस्ट हाय मॅडम. लिहिलेला न्हवता न्हवं?"

"नव्हता," ब्राह्मी म्हणाली. "पण राहणार."

प्रियदर्शनी तोंडाला पदर लावून उभी होती. तिला ट्विस्ट कळला होता. पद्मावती वहिनी तिला म्हणाल्या, "रडतीयास काय? मी त्याच दिवशी म्हणलं हुतं ह्यांना, चष्मा घेऊन जावा छापखान्यात. नगं म्हणले. चष्म्यात म्हातारा दिसतोय म्हणले."

"आकडा किती ठरला?" ब्राह्मीनं दोघांना विचारलं. "एक नंबर कुणाचा? नावं टाकायचीत मला."

दादांनी पंचा उचलला, झटकला, चार घड्या घातल्या. "रुमालाखालचं बाहेर सांगत न्हाईत," ते म्हणाले.

"मग मी नावं टाकू कशी?"

"दोन्ही एका ओळीत टाक. एकाखाली एक न्हाई. शेजारी शेजारी."

"डावीकडं कोण?"

हा प्रश्न यार्डातही कधी निघाला नव्हता.

"चला, सूर्य चाललाय," वहिनी म्हणाल्या. "डॉन लोकांनी हात धुऊन घ्या. दशम्या आणल्यात मी. कांदा न्हाई, बटाटा न्हाई. खून झाला की भूक लागतीया म्हंत्यात."

दादा उठले. कुणी बघत नाही असं समजून त्यांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि परत कोटाच्या खिशात टाकला. जाता जाता वळून ब्राह्मीला म्हणाले, "ती नावांची यादी छापायच्या आधी मला दाखव. मी तपासतो."

गोमटेश अजून खुर्चीतच होते. अंगठा पिवळा झाला होता. आता बोललं तरी हरत नव्हतं कुणी. दादा आधीच हरून बसले होते, आणि हरल्यावर केवढे सावकाश चालत होते, अगदी खऱ्या डॉनसारखे. नऊ वर्षांपासून गोमटेशच्या जिभेवर हजार वाक्यं तयार होती. सगळी पाठ होती. त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"दादा," ते म्हणाले.

दादा थांबले. वळले नाहीत.

"चष्मा लावून."